उजवी पाकळी

देवीने उजवी पाकळी दिली होती. मी परत येऊन डावी सांगितली. हे आजवर मी कोणाला सांगितलेले नाही. बायकोला नाही, भावाला नाही, ज्या देवीच्या नावावर खोटे बोललो तिच्यापुढे हात जोडूनही नाही.

घाटावरच्या वाचकाला यातले गांभीर्य कदाचित कळणार नाही, म्हणून थोडे सांगतो. आमच्या पेडणे-डिचोली भागात अडलेल्या गोष्टीला देवळात कौल लावतात. गुरव पिटकोळीच्या तांबड्या फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून मूर्तीच्या अंगावर दोन्ही बाजूंना चिकटवतो. आपण प्रश्न मनात धरायचा. उजवी पाकळी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. लग्ने यावर ठरतात, विहिरी यावर खणतात, भावाभावांचे भांडण यावर मिटते. आणि एकदा पाकळी पडली की विषय संपला. त्यावर अपील नाही.

मी तेव्हा तिशीत होतो. पेडणे तालुक्यातल्या एका गावात निराधार मुलांचा आश्रम होता, तिथे मी व्यवस्थापक होतो. व्यवस्थापक म्हणजे, जे काम दुसरे कोणी करत नाही ते करणारा माणूस. संडास तुंबला, व्यवस्थापक. मुलाने नाकात चिंचोका घातला, व्यवस्थापक. पाववाल्या पोदेराने उंडे कमी टाकले, व्यवस्थापक. इमारत म्हणजे काजूचे जुने गोदाम. पावसात भिंतींना काजूच्या तेलाचा वास सुटायचा आणि मुलांच्या कपड्यांत तो जाऊन बसायचा. शाळेत आमच्या मुलांना वासावरून ओळखत.

लोक दयाळू होते. त्यांच्या दयेनेच मी जेरीस आलो होतो. ज्याच्या त्याच्या मुलाचा वाढदिवस आमच्याकडे. जिलेबी आणायचे, कॅलेंडरे आणायचे. एका मुंबईकराने तर स्वेटरचे गाठोडे धाडले. पेडण्यात स्वेटर! चपला कोणी आणायचे नाही, उवांचे औषध कोणी आणायचे नाही. 'चपला दिल्या तर बऱ्या होतील,' असे मी एकदा एका देणगीदाराला भीत भीत म्हणालो. तो म्हणाला, "चपला कशा देऊ मास्तर? वाढदिवसाला चपला देतात का कोणी?"

आणि म्हाळाचा पंधरवडा! भाद्रपदात ज्याच्या त्याच्या घरी पितरांचे जेवण, आणि कावळ्यानंतर दुसरा मान आमच्या मुलांचा. रोज वडे, रोज खीर. तिसऱ्या दिवसापासून मुलांची पोटे बिघडायची आणि पुढचे आठ दिवस मी बालदी घेऊन पळायचो. त्या दिवसांत एकदा एक बाई आल्या. मुलांना ओळीने बसवले, फोटो काढला, आणि मग मला न विचारता सरळ मुलांनाच विचारले, "यांतलीं खरीं अनाथ खंयचीं गो? ज्यांक कोणच ना तीं?"

आमच्याकडच्या निम्म्या मुलांना कोणी ना कोणी होते. कोणाचा बाप दारूत, कोणाची आई खडी फोडायला. वाढणारी एक अकरा-बारा वर्षांची मुलगी होती, ती हातातला वाडगा खाली न ठेवता म्हणाली, "खऱ्यांक आज ताप आयला, काकी. तीं भितर न्हिदल्यांत."

"अरे देवा! तर मग त्यांकां हे दवर," असे म्हणून बाईंनी आणखी वडे काढून दिले. गाडी गेल्यावर पोरीने ते सगळ्यांत सारखे वाटले. मला द्यायला आली तेव्हा तिच्या चेहऱ्यावर हसू नव्हते. "खाया सर. तुम्हीय खरे."

हीच ती मुलगी.

तिची आई गेली होती. बाप मुरगावला बंदरात काम बघायला म्हणून गेला तो तिथल्या गर्दीत विरघळला. शेजाऱ्यांनी आणून आमच्याकडे सोडली. अभ्यासात बरी होती. तोंडाने तिखट होती. पण तिचा खरा उपयोग वेगळा होता, आणि उपयोग हा शब्द मी मुद्दाम लिहितो आहे. त्या वर्षी आमची स्वयंपाकीण ऐन पावसाळ्यात लेकीच्या बाळंतपणाला गेली ती परतली नाही. लगेच मुलांना कांजिण्या निघाल्या. नवी बाई मिळेना. खाणीवरच्या पाट्या टाकायला जास्त मजुरी होती. ही मुलगी न सांगता चुलीपुढे बसायला लागली. पहाटे पेज, मग धाकट्यांच्या आंघोळी, मग शाळा, आल्यावर पुन्हा चूल. सगळ्यात धाकटा एक होता, तीन वर्षांचा. तो हिच्याच हातून जेवायचा. मी भरवायला गेलो तर तोंड मिटून माझ्याकडे असा पाहायचा जसा मी त्याचे घर विकायला आलो आहे.

मी तिला कधी काम सांगितले नाही. तेवढे मी नेहमी स्वतःला बजावतो. सांगितले नाही, पण थांबवलेही नाही. शाळेचे मास्तर म्हणाले, "पोरगी वर्गात झोपता रे." मी म्हटले, "बघतो." आणि बघत राहिलो.

अशा वेळी तिची मावशी आली.

मावशी मूळची पलीकडची, दोडामार्गच्या बाजूची. नवरा पाळीच्या खाणींवर ट्रकला क्लीनर होता, नुकताच ड्रायव्हर झाला होता. बहीण गेल्याचे तिला फार उशिरा कळले होते, आणि भाची आश्रमात आहे हे त्याहून उशिरा. कळल्यापासून ती सुटीच्या रविवारी यायची. पाळीहून डिचोली, डिचोलीहून म्हापसा, म्हापशाहून आमच्याकडे. तीन बसगाड्या. साडीच्या काठाला खाणीची तांबडी माती असायची, ती झटकून मग पायरी चढायची.

"मास्तरानू, माझ्या बहिणीचा चेडू माझ्याकडे देवा. मी न्हेतंय."

मी म्हटले, कमिटी आहे. कमिटीला विचारायला हवे.

"मगे इचारा. मी बसतंय हय."

तिला वाटले कमिटी म्हणजे आत बसलेली कोणी बाई असेल.

कमिटीने वर्षभर बैठकांना चहा ढोसला. सरकारी कागद पुढचे पुढे, आधी कमिटीने हो म्हणायला हवे, आणि हो म्हणायला कोणी तयार नाही, नाही म्हणायलाही नाही. अध्यक्ष पेडण्यातले व्यापारी. माणूस चांगला, मुलांसाठी तांदूळ त्यांच्याच दुकानातून यायचा. पण निर्णय म्हटला की त्यांना घाम फुटायचा. "अरे बाबा, उद्यां कितें बरें-वायट जालें जाल्यार नांव कोणाचें? संस्थेचें." दुसऱ्या एका सभासदाला संशय, की मावशीला भाची नको, आपली पोरे सांभाळायला फुकटची मोलकरीण हवी. हे त्यांनी म्हटले तेव्हा आतल्या चुलीपुढे मुलगी भाकरी थापत होती आणि थापण्याचा आवाज आम्हां सगळ्यांना येत होता.

शेवटी ठरले, की व्यवस्थापकाने पाळीला जाऊन जागा बघून यावी. म्हणजे मी.

गेलो. उन्हाळ्याचे दिवस. डिचोलीच्या पुढे झाडे हिरवी राहिलेलीच नव्हती, पानापानावर तांबडा धुरोळा. ट्रकांची रांग संपायची नाही. मावशीची खोली रस्त्यापासून आत, एका चाळवजा ओळीत. जनेलाला, म्हणजे खिडकीला, ओले गोणपाट बांधले होते, धूळ अडवायला. दर थोड्या वेळाने ती उठून त्यावर पाणी शिंपडायची आणि पुन्हा बोलायला बसायची. तिचे दोन लहान मुलगे माझ्या चपला घालून अंगणात फिरत होते.

"ल्हान असा जागा," ती म्हणाली, "पण बगा. ह्या बाजूक पोरगे आणि त्येंचो बापूस. हय मी. आणि हय ती, माझ्या कुशीक. ता बारक्यासारखा लाता मारीत न्हाय मां न्हिदेत?"

मी म्हटले, मला माहीत नाही.

"तुमका म्हायत नाय? तुमच्याकडे रवता मां ती?"

भिंतीत तिने एक खिळा नवा ठोकला होता. बाकीचे खिळे गंजलेले, हा चकचकीत. तो कशाला, हे मी विचारले नव्हते, तिनेच सांगितले. भाचीच्या दप्तरासाठी. शाळा जवळच होती, मुख्याध्यापकांशी ती बोलून आली होती. पेटीतून तिने एक फ्रॉक काढून दाखवला, म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातला, निळा, फुग्याच्या बाह्यांचा. "अंदाजान घेतलंय. थोडो मोठो जायत, पण वाढता वय असा."

नवरा मधेच येऊन गेला. भुवयांपर्यंत मातीने माखलेला. हात जोडून म्हणाला, "मास्तर, हिचां मन हय लागणा नाय बगा. ती येयसर ही अशीच येरझारा घालतली. माझ्या ट्रकापेक्षा जास्त फेऱ्यो हिच्यो." बायकोने त्याला दटावले, "गप ऱ्हवा, मास्तरांका कित्याक सांगतास?" आणि स्वतःच हसली.

परतीच्या बसमध्ये मला स्पष्ट माहीत होते, की मुलीने इथेच यायला हवे.

बैठकीत मी काय सांगितले? "जागा लहान आहे. धूळ फार आहे." हे खोटे नव्हते. जागा लहानच होती आणि धूळ फारच होती. खिळ्याचे मी सांगितले नाही. फ्रॉकचे सांगितले नाही. मुख्याध्यापकांचेही नाही. मी मुळात कमी बोलणारा, लोक त्याला सभ्यपणा समजतात. त्या दिवशी माझ्या कमी बोलण्याचा मला किती उपयोग आहे, हे मला नीट समजले.

अध्यक्षांनी कपाळ पुसले. "देवीक विचारूया. तिच्या फुडें कोणाचें चलना." सगळ्यांना इतके हलके वाटले, की चहा पुन्हा मागवला. मावशीला कळवले. मला वाटले ती चिडेल, म्हणेल माझ्या बहिणीच्या मुलीसाठी कौल कशाला? पण ती खूश झाली. कमिटीपेक्षा देवी तिच्या ओळखीची होती.

चवथीच्या, म्हणजे गणपतीच्या, आधीचे दिवस. ठरल्या सकाळी अध्यक्ष आले ते पायरीवरच थांबले. चुलतभावाकडे कोणी वारले होते, त्यांना सुतक. देवळात जाता येणार नाही. मावशी पहिल्या बसने आलेली, पण तिनेही मला बाजूला बोलावले. "माझी अडचण असा, मास्तरानू. चार दिवस देवळाची पायरी चढूक गावाची नाय. तुम्हीच इचारा. तुमच्या तोंडान इचारल्यात तरी देवीक कळतला."

"पुढच्या आठवड्यात जाऊ," मी म्हणालो.

"नको, नको. आज ठरलाहा तर आज. मी हिची येणी घालतंय तवसर."

तर मी एकटा गेलो.

देऊळ पाच-दहा मिनिटांच्या वाटेवर. गुरव घाईत होता. कोणाची म्हैस हरवलेली, कोणाला नवे घर कुठल्या तोंडाचे बांधायचे ते विचारायचे, माणसे खांबांना टेकून बसलेली. त्याने पाकळ्या लावल्या आणि म्हणाला, "मनांत धर, मास्तर. मोठ्यान सांगपाची गरज ना, हांगा म्हशीवाले आयकतात."

मी मनात धरले. मुलीला मावशीकडे द्यावे का?

एरवी पाकळी पडायला वेळ लागतो. माणसे अवघडून बसतात, गुरव गाऱ्हाणे घालत राहतो. त्या दिवशी त्याचे गाऱ्हाणे अर्ध्यावर होते तेव्हाच उजव्या खांद्यावरची पाकळी सरकली आणि खाली पडली. तोही हसला. "दिली रे! उजवी! तोंड उघडपाकय दिलें ना तुका. जा, काम जालें तुजें."

वाटेत मी काय विचार केला हे प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न करतो. मी मुलीचा विचार केला नाही. मी उद्याच्या पेजेचा केला. धाकट्याचा केला, तो आता कोणाच्या हातून जेवणार. चवथीला ज्यांना घरी जाता येत नाही ती मुले, त्यांचे जेवण, ते कोण करणार. तपासणीला सरकारी माणसे यायची होती. मला इतका वैताग आला होता, की वाटेतल्या एका दगडाला मी लाथ मारली आणि अंगठा फोडून घेतला. सगळ्यांनी सगळे माझ्यावर टाकले होते. कमिटीने देवीवर टाकले, देवीने माझ्यावर टाकले. एका हाताने दिली आणि दुसऱ्या हाताने माझे घर मोडले, असे मला देवीबद्दल वाटले. लंगडत आलो.

मायेपोटी केले, मुलीवर जीव होता म्हणून सोडवेना, असे म्हणायची सोय आहे. ती मी घेत नाही. मला ती कामाला हवी होती.

आश्रमात आलो तेव्हा धाकटा रडत होता. अंगावर खरजेच्या खपल्या, खाजवू नये म्हणून हातांना फडके बांधलेले. मुलगी पायरीवर बसलेली, तो तिच्या मांडीत, आणि मागे मावशी वरच्या पायरीवर बसून तिची वेणी घालत होती. अध्यक्ष व्हरांड्यात खुर्चीवर.

"कितें जालें?" अध्यक्ष म्हणाले.

"डावी," मी म्हणालो.

इतके सोपे होते ते. एक शब्द. मी आधी ठरवलेही नव्हते, निदान मला तसे वाटते. पण लंगडत येताना अंगठ्याकडेच बघत होतो आणि कोणाच्या डोळ्यांत बघायचे नाही हे मात्र ठरलेले होते.

मावशीचे हात थांबले. मग पुन्हा चालू झाले. वेणी शेवटपर्यंत घातली, रिबिनीची गाठ मारली, दोन्ही पाकळ्या सारख्या आहेत का बघितले. मग म्हणाली, "नीट इचारल्यात मां, मास्तरानू?"

"हो."

"तर मग बरा." फणी पिशवीत टाकून म्हणाली, "देवीन नाय म्हटल्यार आमी कोण?"

कमिटी नाही म्हणाली असती तर ती भांडली असती, हे मी पैजेवर सांगतो. वर्षभर तीन बसगाड्या बदलून येणारी बाई होती ती. ती अध्यक्षांच्या दुकानापुढे बसली असती, कचेरीत गेली असती, मला शिव्या दिल्या असत्या. त्या शिव्यांपासून मी देवीच्या आड लपलो. देवीशी ती भांडणार नाही हे मला पक्के माहीत होते.

मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन उठली आणि आत पेज ढवळायला गेली. नवी वेणी पाठीवर.

अध्यक्ष मोकळे झाले. "सुटलों रे बाबा. देवीन सोडयलें आमकां." मी स्वतःला समजावले, चवथ होऊ दे, नवी स्वयंपाकीण मिळू दे, मग पुन्हा कौल लावू, या वेळी मावशीलाच नेऊ. चवथ झाली. स्वयंपाकीण मिळाली. धाकटा तिच्या हातून आठवड्यात जेवायला लागला, गपागपा, जसे काही झालेच नव्हते. आता पुन्हा कौल कसा लावणार? देवीने डावी दिलेली आहे, एकाच गोष्टीला दोनदा विचारत नाहीत. माझेच खोटे मला नियम शिकवत होते.

मावशी चवथीनंतर एकदाच आली. निळा फ्रॉक माझ्याकडे देऊन म्हणाली, "तिका देवा. मी भितर येणंय नाय. देवीन नको म्हटल्यार वाट तुडवूची नाय." मी फ्रॉक दिला. मुलीने तो धाकट्या मुलींपैकी एकीला दिला, तिला तो पायघोळ व्हायचा.

ती आमच्याकडेच वाढली. दहावीला नापास झाली, पुन्हा बसली नाही. अठरा झाल्यावर म्हापशाला एका दवाखान्यात आयाच्या कामाला लागली, मग लग्न होऊन मुरगावकडे गेली. नवरा बंदरावर आहे. मी आश्रम सोडून पंचायतीत नोकरीला लागलो. अध्यक्ष वारले. गुरव मात्र अजून ठणठणीत आहे, आणि दर जत्रेला गर्दीतून हात वर करून ओरडतो, "मास्तर, तुजें काम जालें मरे त्या वेळार? कशी पडली पाकळी! आयुष्यांत बघली ना तशी!" प्रश्न त्यालाही माहीत नाही, पण ती पाकळी आठवणारा माझ्याखेरीज तो एकटाच माणूस, आणि नेमका त्याचाच गळा गावात सर्वांत मोठा. मी "जालें, जालें" म्हणतो आणि खाजे घेण्याच्या निमित्ताने पुढे सरकतो.

गेल्या मे महिन्यात म्हापशाला शुक्रवारचा बाजार होता. पावसाळ्याचे पुरुमेंत भरायला, म्हणजे सुके बांगडे, मिरच्या, कांद्याच्या माळा घ्यायला सगळा उत्तर गोवा लोटलेला. स्टँडवर पेडण्याच्या गाडीला उभा होतो, इतक्यात मागून आवाज आला, "सर! वळखलें काय ना?"

ओळखली. तोंड तेच, अंगाने भरलेली. खांद्यावर कांद्याची माळ, आणि सोबत तिची मुलगी, अकरा-बारा वर्षांची. मुलीने विचारले, "मम्मी, हे कोण?"

"हे माझे सर. हांणीं म्हाका वाडयली."

मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. इकडचे तिकडचे झाले. नवरा बरा, खोली स्वतःची झाली, मुलगी अभ्यासात हुशार, कामाला मात्र हात लावत नाही. "हांव सांगिनासुद्दां," ती म्हणाली. "कर म्हण सांगिना. तिका न्हिदूंक जाय तितलें न्हिदूं दी." ती माझ्याकडे बघून म्हणाली नव्हती, बघून म्हणायचा तिचा स्वभाव असता तर बरे झाले असते.

काहीतरी बोलायचे म्हणून मी विचारले, "मावशी कशी आहे? भेटते का?"

तिने माळ दुसऱ्या खांद्यावर घेतली. "खंयची मावशी?"

"पाळीची. तुला न्यायला यायची ती."

"व्हरूंक येताली?" ती हसली, त्या वड्याच्या दिवसासारखी, हसू न येता. "सर, आपल्या माणसाक घरा व्हरपाक कोण देवाक विचारता? हांव ह्या चेडवाक घरा व्हरूं काय नाका, अशें हांव देवळांत वचून विचारतलें? तिका नाका आशिल्लें. नाका म्हणपाक तोंड नाशिल्लें, म्हण देवीक फुडें केली. हांव तितलेंय समजना?"

मला सांगायचे होते, की तिने नाही विचारले, आम्ही विचारायला लावले. सांगायचे होते, की नवा खिळा ठोकला होता. सांगायचे होते पाकळीचे. तोंड उघडले, आणि पेडण्याची गाडी लागली. मी म्हणालो, "गाडी आली."

"वचात, वचात सर, सीट मेळची ना," ती म्हणाली, आणि माझी पिशवी स्वतः चढवून दिली.

स्वतःचा इतका संताप मला पूर्वी कधी आला नव्हता. पंचावन्न वर्षांचा माणूस, आणि गाडी आली! त्या गाडीमागे अर्ध्या तासाने दुसरी असते. तिसरीही असते.

घरी आल्यावर मी शोध घेतला. मावशी आहे. खाणी बंद पडल्यावर नवऱ्याचा ट्रक गेला, ती दोघे दोडामार्गकडच्या गावी परतली. हे मला तिच्या थोरल्या मुलाने सांगितले. तो डिचोलीच्या स्टँडवर रिक्षा लावतो. माझ्या चपला घालून अंगणात फिरणारा तोच. म्हणाला, "आई अजून त्या चेडवाचा नाव काढता. म्हणता, देवीन नाय म्हटल्यान, नायतर माझा चेडू माझ्या घरात असता. तिच्या लग्नाचा कोणी कळवल्यान पण नाय, म्हणता." मग विचारले, "तुम्ही वळखतास तिका?"

मी म्हणालो, थोडीशी.

म्हणजे हे असे आहे. एकीला वाटते मावशीला आपण नको होतो. दुसरीला वाटते देवीला ते नको होते. दोघी रागवायला आणि रडायला चुकीच्या दाराशी बसल्या आहेत, आणि बरोबर दार माझे आहे. मावशी थकली आहे, गुडघे गेले आहेत, मुलगा म्हणाला. वेळ फार नाही.

हे लिहून टाकले म्हणजे सांगितले असे मी समजत नाही. मावशीला वाचता येत नाही, आणि मुलीला कांदे, बांगडे, संसार यांतून वाचायला वेळ नाही. कागदापुढे तोंड उघडणे मला नेहमीच जमत आले आहे. कागद वेणी घालता घालता थांबत नाही, आणि 'नीट इचारल्यात मां?' असे विचारत नाही.

मी त्या दोघींचे एक वाक्य देणे लागतो. ते दोघींच्या समोर, माझ्या तोंडाने म्हणायचे आहे: पाकळी उजवी पडली होती, मी खोटे बोललो. ते मी अजून म्हटलेले नाही.